काळी माती आणि गवताची धावपट्टी

मायक्रोलाइट म्हणजे एक किंवा दोन आसनांचे अतिहलके विमान. भारतीय नियमांतील त्याच्या रूढ व्याख्येनुसार विमान, इंधन आणि माणसे मिळून होणारा उड्डाणभार 450 किलोच्या आत असावा लागतो. इतके हलके आणि कमी वेगाने उतरणारे विमान खुरट्या गवताच्या सपाट पट्ट्यावरूनही उडू शकते, म्हणून ब्रिटन-फ्रान्समध्ये शेतांच्या कडेने अशा धावपट्ट्या सर्रास आढळतात. नागपूरला राष्ट्रीय छात्र सेनेची 2 महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन आहे, आणि 2015 मध्ये भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीशी केलेल्या 194 व्हायरस मायक्रोलाइट विमानांच्या करारातील 110 छात्र सेनेसाठीच होती. तरीही विदर्भात गवताच्या धावपट्ट्यांची परंपरा रुजली नाही, आणि त्याचे बरेचसे उत्तर जमिनीतच आहे.

येथील काळ्या कन्हार जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पावसाळ्यात चाक रुतण्याची आणि वैशाखात पुढचे नाजूक चाक भेगेत अडकण्याची भीती राहते. त्या मानाने पाण्याचा निचरा करणारी बरड जमीन पुष्कळ बरी, जरी शेतकऱ्याच्या लेखी ती हलकीच ठरते. गवताचा स्वतःचाही अडसर असतो: ब्रिटिश विमान प्राधिकरणाच्या ठोकताळ्याप्रमाणे पक्क्या धावपट्टीच्या तुलनेत कोरड्या गवतावर उड्डाणाला सुमारे 20 टक्के, तर ओल्या गवतावर 30 टक्के अधिक अंतर लागते, आणि ओल्या गवतावर ब्रेक नीट धरत नसल्याने उतरताना ही वाढ त्याहूनही अधिक होते. पावसापुढे मैदानाचे काही चालत नाही, हे मुंबईनेही अनुभवले आहे. 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल आणून ज्या जुहूला विमान उतरवले, तेथील मैदान पावसाळ्यात निकामी होत असल्याने टपालसेवेचे बिऱ्हाड तेवढ्या काळापुरते पुण्याला हलवावे लागे.

नागपूरच्या बाबतीत उन्हाची भर पडते. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंखांची उचल, पंख्याचा रेटा व इंजिनाची शक्ती ही तिन्ही घटतात; शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम 300 मीटर असली, तरी 45 अंशांच्या दुपारी विमानाला तेथील हवा सुमारे 1,500 मीटर उंचीवरच्या हवेसारखी वाटते. त्यामुळे हिवाळ्यातील कोरड्या सकाळी पुरेशी ठरणारी पट्टी मे महिन्याच्या दुपारी अपुरी पडू शकते, आणि वैमानिकाला धावपट्टीची लांबी मोजताना तापमापकही पाहावा लागतो.