मोबाईलमधले सवंगडी कोण?

बिबवेवाडीत अप्पर डेपोच्या बाजूला रात्री जेवणानंतर कॉलेजची चार पोरे ओळीने बसलेली दिसतात. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कानात हेडफोन. कोणी कोणाकडे पाहत नाही, पण तोंडे सारखी चालू. ‘भिंतीमागे दोघे आहेत, थांब’, ‘मी पडलो, मला उचल!’ मार्केट यार्डातून हमाली करून किंवा चार घरची धुणीभांडी करून परतणाऱ्या आईबापांना वाटते, पोरगे हातचे गेले.

पालकहो, हा खेळ म्हणजे बहुधा बीजीएमआय. २०१८ साली पबजी मोबाईल आला, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याचाच हा भारतातला अवतार जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभराने तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. सुरक्षित जागेचे वर्तुळ आकसत जाते, आणि शेवटी उरेल तो संघ जिंकतो. संघ चौघांचा. एक हुकूम सोडतो, एक पुढे घुसतो, एक लांबून नेम धरतो, एक पाठराखण करतो. साथीदार जखमी होऊन पडला, तर गोळ्या चुकवत त्याच्यापाशी थांबून त्याला उठवावे लागते. जो थांबत नाही, त्याला पुढच्या डावात कोणी घेत नाही. पोरांची मैत्री जुळते ती इथे.

याच भागात १९८३ साली सुरू झालेले व्हीआयटी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. बिबवेवाडीत शिकायला बाहेरगावची मुले येतात, वस्तीतली मुलेही कॉलेजला जातात. वर्गात इंग्रजीच्या धाकाने गप्प बसणारा मुलगा या खेळात तिघांना हुकूम देतो. शिवाय खेळातले नाव ज्याचे त्याने ठेवलेले असते, आडनाव लावावे लागत नाही. आडनाव विचारून माणूस जोखण्याची रीत आपल्याला काही नवी नाही. इथे नेम कसा आहे, एवढेच विचारतात.

पण एवढ्याने हुरळून जाऊ नये. माईक सुरू झाला की बोलीवरून ‘गावठी’ म्हणून हसणारे भेटतात, जातीवरून शिवी देणारेही भेटतात. मुलींना तर इतका त्रास होतो, की कित्येकजणी माईक बंद ठेवून मुलाच्या नावाने खेळतात. ज्याचा मोबाईल स्वस्तातला, त्याचा खेळ ऐन वेळी अडकतो आणि बोलणी तोच खातो. बंदुकीचे आणि कपड्यांचे रंगीत साज पैसे देऊन मिळतात. त्याने नेम सुधारत नाही, फक्त रुबाब वाढतो. घरभाड्याच्या पैशातून तो रुबाब करणाऱ्या पोराला दोन शब्द सुनावलेच पाहिजेत.

स्पर्धा आणि जुगार यांत मात्र गल्लत करू नये. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा तीर्थ मेहता या भारतीय तरुणाने कांस्य मिळवले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने हे खेळ क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. याउलट ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाईन खेळ बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा मुलगा पैसे हरून बसला असेल, तर पोलिसांच्या भीतीने त्याने ते घरात लपवू नये.

मोठ्या स्पर्धांची बक्षिसे कोटीत असतात, ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना मिळतात. त्या आशेवर परीक्षा बुडवणे मला साफ नामंजूर. तसेच खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची खूण सांगितली आहे: खेळावर ताबा राहत नाही, अभ्यास-काम मागे पडते, नुकसान दिसूनही थांबवत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते. असे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

एक व्यवहाराची गोष्ट. डाव साधारण अर्धा तास चालतो, आणि मध्येच उठणारा बाकी तिघांना अडचणीत टाकतो. म्हणून जेवायची हाक डाव सुरू होण्याआधी मारावी, नाहीतर ‘आलो, आलो’ म्हणेपर्यंत भाकरी गार होते. आणि ते बाकीचे तिघे कोण, कुठले, हे विचारून एखाद्या रविवारी त्यांना चहाला बोलवावे.