विम्याचे बोल आणि विम्याचा कागद

विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार होय, हे तत्त्व १७६६ साली इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका प्रसिद्ध निवाड्यात मांडले, त्या वेळी आपणांस ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट दडवून दुसऱ्यास करारात ओढण्याची मनाई त्यांनी विमा उतरवणाऱ्याला केली, तशीच ती विमा देणाऱ्यालाही केली. या तत्त्वाचा पूर्वार्ध आपल्याकडील विमा कंपन्यांनी चांगला स्मरणात ठेवला आहे; दावा दाखल होताच मयत इसमाने कोणता आजार लपवला होता, याचा तपास कसोशीने होतो. उत्तरार्धाची आठवण मात्र बहुधा ग्राहकालाच तक्रारीच्या वाटेने करून द्यावी लागते.

या तक्रारींत विलक्षण सारखेपणा आढळतो. निवृत्तीची रक्कम मुदतठेवीत ठेवावी म्हणून बँकेत गेलेल्या गृहस्थाला, ठेवीहून अधिक व्याज देणारी योजना म्हणून आयुर्विम्याची पॉलिसी दिली जाते, पैसे एकदाच भरायचे आहेत असे सांगितले जाते, आणि वर्ष उलटून दुसऱ्या हप्त्याची नोटीस घरी आली म्हणजे, दहा वर्षे तितकीच रक्कम भरण्याचे आपण लिहून दिले आहे, हे त्याला प्रथम कळते. कोठे पॉलिसी घेतल्यावाचून कर्ज मंजूर होणार नाही, असे बजावले जाते. कोठे विमा नियामकाच्या कचेरीतून बोलत असल्याची बतावणी करून, जुन्या पॉलिसीचा अडकलेला बोनस सोडवण्याच्या मिषाने, नवी पॉलिसी गळ्यात मारली जाते. प्रस्तावपत्र एजंट भरतो, ग्राहक दाखवलेल्या जागी सही करतो, आणि कंपनीकडून खातरजमेचा फोन आला की सगळ्याला ‘हो’ म्हणा, असे त्याला आधीच पढवून ठेवलेले असते.

याचा दोष एकट्या एजंटाच्या लोभावर टाकणे न्याय्य होणार नाही. पारंपरिक पॉलिसीच्या पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर शेकडा ३५ पर्यंत दलाली देण्याची मुभा कायद्यानेच दीर्घकाळ दिली होती, आणि पुढे ती साडेसात व पाच टक्क्यांवर उतरत असे. सारांश, पॉलिसी टिकण्यापेक्षा नवी खपण्यातच विकणाऱ्याचा लाभ होता. उलटपक्षी, पहिल्या वर्षानंतर हप्ते थांबवणाऱ्याच्या हाती अशा पॉलिसीतून काहीच पडत नसे. त्यालाही काही सरेंडर मूल्य मिळावे, ही तरतूद १ ऑक्टोबर २०२४ पासून अंमलात आली. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस या अभ्यासकांनी, फसव्या विक्रीमुळे २००४-०५ ते २०११-१२ या काळात ग्राहकांचे सुमारे दीड लाख कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला आहे.

दाद मागण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, आणि मुद्रांकशुल्कासारखा किरकोळ खर्च वजा जाता हप्ता परत मिळतो. ही मुदत टळल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा; महिनाभरात उत्तर न आल्यास, अथवा आलेले उत्तर न पटल्यास, एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकील चालत नाही, पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा होऊ शकतो, आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी सामान्यतः दोन वर्षांची मुदत आहे. सहीच बनावट असेल, तर मामला फौजदारीचा होतो.

परंतु या दरबारांत तक्रारदाराची वाट अडते ती पुराव्यापाशी. फसवणूक तोंडी झालेली असते आणि कागद मात्र यथासांग असतो. सही तुमची आहे, दस्तऐवज तुम्हांस पोचला, मुदतीत तुम्ही तो परत केला नाही, एवढे सांगून कंपनी पुष्कळदा सुटू पाहते. अशा वेळी कागदच कागदाविरुद्ध उभा करावा लागतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याच्या नावापुढे प्रस्तावपत्रात लिहिलेले भरघोस उत्पन्न, ठेव मोडल्याच्याच दिवशी हप्त्यापोटी गेलेली रक्कम, विक्रेत्याने मोबाईलवर धाडलेले आश्वासन, यांपैकी प्रत्येक गोष्ट तोंडी शब्दाला आधार देते. म्हणून अर्जात नुसता संताप नसावा; कोणी, कधी, कोणत्या शब्दांत काय कबूल केले, हे तारीखवार असावे, आणि प्रस्तावपत्राची प्रत व खातरजमेच्या फोनचे ध्वनिमुद्रण यांची मागणीही त्यातच असावी.

तथापि, ज्या व्यवहारात संभाषणाचे मुद्रण, प्रस्तावपत्र आणि विक्रेत्याची नेमणूक ही सर्व एकाच पक्षाच्या कपाटात असतात, तेथे फसवणूक झाल्याचे सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या पक्षावर टाकणे हा सद्भाव नव्हे. विक्री प्रामाणिकपणे झाली, हे कंपनीनेच प्रथम दाखवून द्यावे.