ट्रॅक्टरला हात फुटले!

मुलांनो, आमच्या आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात दरड कोसळली, की रस्ता मोकळा करायला 'जेसीबी' येतो. (खरं तर जेसीबी हे कंपनीचं नाव. यंत्राचं नाव बॅकहो लोडर!) पण अंगणातला चिखल नि शेणखत उचलायला एवढं मोठं यंत्र कशाला? म्हणून आमच्या एका शेजाऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरलाच पुढे लोडर बसवायचं ठरवलं. रविवारी चौथीची पोरं घेऊन मी बघायला गेलो.

"गुरुजी, ट्रॅक्टरला हात फुटले!" एक जण ओरडला.

ट्रॅक्टरच्या मागे नांगर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट असतेच. म्हणजे तेल दाबणारा पंप आधीच आहे. त्या तेलाला पुढे जायला फक्त नवी वाट हवी. मेकॅनिककाकांनी सीटशेजारी दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह बसवला आणि त्यातून जाड पाइप पुढच्या सिलिंडरांपर्यंत नेले. एका लिव्हरने लोडरचे हात वर-खाली होतात, दुसरीने बकेट वळते.

लिव्हर मधोमध असली, की तेल फिरून टाकीत परत जातं. पुढे-मागे केली, की ते सिलिंडरच्या एका किंवा दुसऱ्या तोंडातून शिरतं आणि दट्ट्या बाहेर येतो किंवा आत जातो. लिव्हर सोडली, की सिलिंडरमधलं तेल कोंडलं जातं. तेल दाबून फारसं आकसत नाही, म्हणून बकेट तिथल्या तिथे थांबते. ओझं झेपेनासं झालं, तर एक सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून जादा दाबाचं तेल टाकीत सोडतो.

एवढा जोर येतो कुठून? फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी सांगितलं, की बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. आता गणित करू. समजा, तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो आणि दट्ट्याचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटर. १५० × २० = ३०००. म्हणजे ३ टनांचा रेटा!

घरी करून बघा. बिनसुईच्या नव्या दोन सिरिंज घ्या, एक लहान, एक मोठी. त्यांत पाणी भरून बारीक नळीने जोडा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. लहान दट्ट्या दाबा. मोठा थोडाच सरकेल, पण जोराने. जोर वाढला, की अंतर कमी होतं!

आम्ही हे बघत असतानाच चेंडू घरंगळत वर उचललेल्या बकेटीखाली गेला आणि एक पोरगा त्यामागे धावला. काकांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"गुरुजी, बकेट वर आसा तवसर खाली कोणी जावचा नाय!"

माझ्या पोटात गोळाच आला. कोंडलेल्या तेलावरच ती बकेट तरंगत होती. पाइप फुटला असता किंवा लिव्हरला चुकून धक्का लागला असता तर? काकांनी आधी बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं आणि मगच चेंडू काढून दिला. गळका पाइप हाताने चाचपायचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते. तसं झालं, तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

पालकहो, तुमच्या गावातही अशी यंत्रं येतात. मुलांना ती जरूर दाखवा, पण लांबूनच. आणि मुलांनो, चेंडू दुसरा मिळतो. बकेट जमिनीवर टेकेपर्यंत थांबायचं, कळलं ना?