गवतकापणी यंत्राचा क्लच का घसरतो?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात गावरस्त्यांच्या कडा, शाळांची पटांगणे आणि आंबा-काजूच्या बागा गवताने भरून जातात. विळ्याने साफसफाई करावयास माणसे मिळणे कठीण झाल्यापासून खांद्याला अडकवून चालवावयाचे लहान पेट्रोल यंत्र अनेक ठिकाणी वापरात आले आहे. हंगाम ऐन भरात असता या यंत्राविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते : एंजिन ओरडते, पण पाते गवतात शिरताच थबकते आणि जळका वास सुटतो. क्लच घसरू लागल्याचे हे लक्षण होय. अशा वेळी नवा क्लच मागविण्याची घाई केली जाते. वस्तुतः दोष पुष्कळदा अन्यत्र असतो.

या यंत्रातील क्लच केंद्रोत्सारी प्रकारचा असतो. जुन्या लूना मोपेडमध्येही हेच तत्त्व वापरलेले होते. एंजिनच्या दांड्यावर दोन वजनदार शू बसविलेले असून स्प्रिंग त्यांना आत ओढून धरते. एंजिनचा वेग वाढला म्हणजे शू बाहेर फाकतात, भोवतालच्या ड्रमला घट्ट भिडतात आणि ड्रमबरोबर पाते फिरू लागते. शूंना बाहेर लोटणारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजेच फेरे निम्म्यावर आले तर ती निम्मी नव्हे, चौथ्या हिश्शाइतकी उरते. शिवाय तीतून स्प्रिंगची ओढ वजा जाते ती वेगळीच. पेट्रोल वाचविण्याच्या हेतूने अर्धी रेस देऊन दाट गवत कापणारा चालक म्हणूनच क्लच जाळून बसतो. ही बचत महागात पडते.

यास्तव क्लच उघडण्यापूर्वी एंजिन पुरेसा वेग घेते किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. हवेची गाळणी धुळीने तुंबली असेल, सायलेन्सरच्या जाळीत काजळी साचली असेल, किंवा पात्याची धार गेली असेल, तर निर्दोष क्लचही घसरतो.

एवढे करूनही दोष राहिल्यास एंजिन थंड होऊ द्यावे, प्लगची वायर काढावी आणि मगच क्लचचे घर उघडावे. शू तेलकट असल्यास ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने ते व ड्रम पुसून काढावेत. मात्र तेल कोठून आले याचा शोध घेतल्यावाचून हे काम पुरे होत नाही. एंजिनच्या दांड्यावरील सील झिजले असेल तर चार दिवसांत पुन्हा तीच स्थिती होते. शूवरील घर्षणपट्टी गुळगुळीत, चकचकीत झाली असल्यास बारीक पॉलिश कागदाने हलके घासावे. तिची भुकटी तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपावी. पट्टी झिजून संपली असल्यास दोन्ही शू व स्प्रिंग एकदमच बदलणे इष्ट. एकच शू बदलल्यास तोल बिघडून यंत्र थरथरते. ड्रम तापून निळा पडला किंवा वाकडा झाला असेल, तर तोही बदलावा लागतो.

जोडणीनंतर यंत्र मोकळ्या जागेत, कोणी जवळ नसताना चालू करावे. रेस सोडल्यावर पाते थांबलेच पाहिजे. ते फिरतच राहिले तर एंजिनचा मंद वेग स्क्रूने कमी करावा. तरीही थांबत नसेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा सैल झालेली असण्याचा संभव असतो. ती बदलेपर्यंत ते यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये. अडकलेले गवत काढण्यासाठी चालक वाकतो, तेव्हा पाते थांबले आहे असे तो गृहीत धरूनच वाकतो.