विकिपीडिया जेव्हा फोल्डर होतो

विकिपीडियावरील एखाद्या पानात चूक दिसली, तर ती दुरुस्त करण्याची रीत आता बहुतेकांना ठाऊक आहे. ब्राऊझरमध्ये पान उघडायचे, 'संपादन' या शब्दावर टिचकी मारायची, समोर आलेल्या चौकटीत मजकूर बदलायचा आणि तो जतन करायचा. एखाददुसऱ्या शब्दासाठी ही सोय उत्तम आहे. पण रोज पंचवीस-तीस लेखांवर हात फिरवणाऱ्या संपादकाला ती चौकट तुरुंगासारखी वाटू लागते. लांब लेखात शोध घेणे, ओळी हलवणे, एकच चूक दहा ठिकाणी सुधारणे ही कामे त्याच्या नेहमीच्या टेक्स्ट एडिटरमध्ये क्षणात होतात, चौकटीत मात्र होत नाहीत. शिवाय लिहिता लिहिता इंटरनेट तुटले, तर तासाभराची मेहनत वाया जाण्याची भीती असते ती वेगळीच.

या अडचणीवर २००५ च्या सुमारास एक चमत्कारिक उपाय पुढे आला. त्याचे नाव विकिपीडियाएफएस. पायथन या भाषेत लिहिलेले हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवले, की संगणकावर एक नवे फोल्डर दिसू लागे. त्यात लेखाचे नाव घेऊन फाइल उघडली, की विकिपीडियावरचा तो लेख, त्याच्या मूळ विकी-खुणांसह, एडिटरमध्ये हजर. बदल करून फाइल 'सेव्ह' केली, की तो बदल थेट विकिपीडियावर. ब्राऊझरची गरजच नाही. विकिपीडियाच नव्हे, तर मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालणारे कोणतेही संकेतस्थळ अशा रीतीने फोल्डर म्हणून जोडता येई. सेटिंगच्या फाइलीत संकेतस्थळाचा पत्ता, सदस्यनाव आणि परवलीचा शब्द लिहिला की झाले.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. युनिक्स ज्या बेल प्रयोगशाळेत जन्मला, तेथेच पुढे 'प्लॅन नाइन' नावाची कार्यप्रणाली तयार झाली. संगणकातली प्रत्येक गोष्ट फाइल म्हणूनच दिसावी, हा युनिक्सचा जुना आग्रह प्लॅन नाइनने टोकाला नेला. या प्रणालीत विकीसाठीही एक फाइलप्रणाली होती. प्रत्येक पानाचे एक फोल्डर, त्यात चालू मजकुराची फाइल आणि जुन्या आवृत्त्यांचा इतिहास. लिनक्सवर मात्र असे काही करणे फार काळ अवघड होते, कारण फाइलप्रणाली लिहायची म्हणजे थेट कर्नलमध्ये हात घालायचा. तेथे एक चूक झाली, तरी सारा संगणक बंद पडू शकतो.

'फ्यूज' नावाच्या व्यवस्थेने हा अडसर दूर केला. २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१४ या आवृत्तीत तिचा अधिकृत समावेश झाला. तिचे काम टपालवाल्यासारखे आहे. एडिटरने 'ही फाइल उघड' असे सांगितले, की ती मागणी कर्नलकडे जाते. कर्नल ती स्वतः न सोडवता फ्यूजमार्फत एका साध्या प्रोग्रामकडे सोपवतो. तो प्रोग्राम उत्तर कोठून आणतो याच्याशी कर्नलला कर्तव्य नसते. विकिपीडियाएफएस ते उत्तर विकिपीडियाच्या सर्व्हरवरून आणे. विंडोजची डिस्क लिनक्सवर वाचणारे सॉफ्टवेअर किंवा दूरच्या संगणकातले फोल्डर आपल्याकडे आणणारे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालते. जीमेलच्या खात्यालाच डिस्क बनवण्याचा उद्योगही त्या काळात एकाने करून दाखवला होता!

मात्र फाइल आणि विकीचे पान या दोन भिन्न स्वभावाच्या वस्तू आहेत, आणि खरी गंमत तेथूनच सुरू होते. फोल्डर उघडले की त्यातील सर्व फाइलींची यादी दिसावी, ही आपली साधी अपेक्षा. पण लाखो लेखांची यादी दर वेळी सर्व्हरवरून आणणार कशी? म्हणून या फोल्डरमध्ये पूर्वी उघडलेले लेख तेवढे दिसत. वरून रिकामे दिसणारे कपाट. पण नाव घेऊन हात घातला, की पुस्तक हाती यावे, तसा हा प्रकार. दुसरी अडचण आकाराची. फाइल उघडण्यापूर्वीच तिचा आकार किती, असे संगणक विचारतो. लेखाचा आकार मात्र सर्व्हरला विचारल्याशिवाय कळत नाही. साहजिकच केवळ चौकशीसाठीही सर्व्हरला हाक मारावी लागते.

याहून गंभीर बाब 'सेव्ह' या क्रियेची. आपल्या डिस्कवर फाइल जतन करणे ही खासगी गोष्ट आहे. सवयीने माणूस दर दोन मिनिटांनी ते बटण दाबतो. या फोल्डरमध्ये मात्र जतन करणे म्हणजेच प्रकाशित करणे. अर्धवट वाक्य, विसरलेला कंस, सारे काही जगासमोर, आणि तेही लेखाच्या इतिहासात संपादकाच्या नावावर कायमचे नोंदले जाणार. त्यातच अनेक एडिटर मूळ फाइलीशेजारी आपल्या सोयीच्या तात्पुरत्या प्रती तयार करतात. अशी प्रत या फोल्डरमध्ये तयार झाली, तर विचित्र नावाचा एक नवाच लेख ज्ञानकोशात अवतरण्याचा धोका. त्या नावांना अलीकडेच अडवण्याची खबरदारी अशा प्रत्येक सॉफ्टवेअरला घ्यावी लागते.

दोन माणसांनी एकाच वेळी एकच लेख उघडला तर? ब्राऊझरमध्ये संपादन करताना विकी पानासोबत एक छुपी वेळ पाठवते. मधल्या काळात दुसऱ्याने बदल केला असेल, तर दोन्ही मजकूर समोर ठेवून ती संपादकाला निवड करायला सांगते. फाइलप्रणालीकडे असा संवाद साधण्याची जागाच नाही. 'फाइल लिहिता आली नाही' एवढा कोरडा निरोप ती देऊ शकते. आणि ही वेळ तपासण्याचे काम नीट केले नसेल, तर तेवढेही न सांगता दुसऱ्याचे श्रम पुसून टाकू शकते. संपादनाचा सारांश लिहायलाही फाइलीत वेगळी चौकट नसते. सामुदायिक लेखनात 'काय बदलले आणि का' हे सांगणे बदलाइतकेच महत्त्वाचे असते, ते येथे सहज निसटते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे. देवनागरी शीर्षके फाइलींची नावे झाली, की आणखी काही गाठी पडतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त हेही त्यात वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द ३३ बाइटचा होतो. लिनक्सच्या बहुतेक फाइलप्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि विकिपीडियाच्या शीर्षकाचीही तेवढीच. म्हणजे ८५ चिन्हे. त्यावर फाइलीची ओळख सांगणारे शेपूट जोडले, की लांबलचक शीर्षक सरळ मर्यादेबाहेर. याहून फसवे प्रकरण 'ॲ' या अक्षराचे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधी, आणि अनेक कळफलकांवर त्यानंतरही, 'अ' आणि चंद्र यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून ते लिहिले जाई. दोन्ही रूपे पडद्यावर हुबेहूब सारखी, पण संगणकाच्या लेखी दोन निराळी नावे. ब्राऊझरमध्ये पुनर्निर्देशन मदतीला येते. फोल्डरमध्ये मात्र एका नावाने लेख सापडतो आणि दुसऱ्या नावाने 'अशी फाइल नाही' असे उत्तर मिळते.

तरीही या कल्पनेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. लेख एकदा फाइल झाला, की युनिक्सची शोधण्या-बदलण्याची सारी जुनी अवजारे त्यावर चालतात. उघडलेल्या शंभर लेखांतील एकच चुकलेले गावाचे नाव एका आज्ञेत सुधारता येते. अर्थात त्याच एका आज्ञेत शंभर लेख बिघडवताही येतात. विकिपीडियावर यांत्रिक संपादनांसाठी 'बॉट'ची वेगळी खाती आणि समाजाची पूर्वपरवानगी लागते, ती याचसाठी. फोल्डरच्या वाटेने जाणाऱ्याला हे दार दिसतही नाही, हा या सोयीचा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

विकिपीडियाएफएसचा विकास केव्हाच थांबला. तो ज्या पायथन २ वर उभा होता, त्याला १ जानेवारी २०२० पासून अधिकृत आधार उरलेला नाही, आणि विकिपीडियाने २०१५ मध्ये सर्व वाचकांसाठी सुरक्षित जोडणी सक्तीची केल्यावर साध्या जोडणीवर विसंबलेली जुनी साधने निकामी झाली. यांत्रिक कामांसाठी आज पायविकिबॉटसारखी साधने आहेत. फाइलींचे सुख हवे असणाऱ्यांसाठी फ्रान्समधील ग्रेनोबल येथील एन्सिमाग या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये दुसरी वाट काढली. तीत विकीची पाने 'गिट'च्या भांडारात उतरतात. संपादक त्यांवर आपल्या डिस्कवर हवे तितक्या वेळा 'सेव्ह' दाबत काम करतो, प्रत्येक बदलासोबत टिपण लिहितो, आणि काम पूर्ण झाल्यावर एका वेगळ्या आज्ञेने ते विकीकडे पाठवतो. मधल्या काळात दुसऱ्या कोणी पान बदललेले असेल, तर गिट आधी ते बदल उतरवून घ्यायला लावते.