वृद्धाश्रमात फळवाटपाला जाण्याआधी

शहापूरच्या शेजारी, भिवंडी तालुक्यातील सोरगावच्या मातोश्री वृद्धाश्रमात नोव्हेंबर २०२१ मध्ये ६० हून अधिक ज्येष्ठांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले. त्यातील बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतले होते. लस आजार गंभीर होण्याचा धोका कमी करते, पण प्रत्येक संसर्ग रोखत नाही.

वृद्धाश्रमात जेवण, झोपणे, शौचालय सगळे एकत्र असते. तेच सेवक एकामागून एक सर्वांना भरवतात, आंघोळ घालतात. वय आणि मधुमेहासारख्या आजारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. शिवाय म्हातारपणी संसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. जेवण सुटणे, सतत गुंगी, अचानक असंबद्ध बोलणे हीच पहिली खूण असू शकते.

संसर्ग आत येतो तो बाहेरच्या माणसाकडून. तो माणूस आपणही असू शकतो. म्हणून १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला विहारातून फळवाटपाला जाताना मोजकेच कार्यकर्ते जा. सर्दी-खोकला असेल तर घरीच थांबा. मास्क लावा, आत जाण्याआधी साबणाने हात धुवा. फळांसोबत साबणही द्या. एखादे आजी-आजोबा जेवत नसल्याचे दिसले तर व्यवस्थापकांना लगेच सांगा. फोटो नंतरही काढता येईल.