बोटावरची शाई वाळल्यानंतरचे शालेय मंत्रिमंडळ

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सभागृहाची मुदत 13 मार्च 2022 रोजी संपली आणि पुढचे मतदान थेट जानेवारी 2026 मध्ये झाले. मधल्या जवळपास चार वर्षांत 128 नगरसेवकांच्या सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे, म्हणजे राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, होते. याच काळात शहरातील सहावीची मुले नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचा पाठ शिकत होती आणि महापौर, प्रभाग, सर्वसाधारण सभा यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे लिहून गुणही मिळवत होती, मात्र त्यांच्या शहरात ना महापौर होता ना सर्वसाधारण सभा. नागरिकत्वाचे शिक्षण केवळ पुस्तकातून होत नाही, हे सांगायला याहून वेगळा दाखला लागू नये.

पुस्तकाबाहेरचा जो मार्ग महाराष्ट्रातील शाळांना परिचित आहे तो शालेय मंत्रिमंडळाचा. जून-जुलैत अर्ज भरले जातात, प्रचार होतो, बोटाला शाई लागते, अनेक ठिकाणी मोबाइलवरच मतदान यंत्र तयार केले जाते आणि मुख्यमंत्र्यापासून स्वच्छतामंत्री व पोषण आहार मंत्र्यापर्यंत सर्वांचा शपथविधी पार पडतो. हा दिवस मुलांच्या लक्षात राहतो, यात शंका नाही. परंतु स्वच्छतामंत्र्याच्या वाट्याला वर्षभर वर्ग झाडून घेण्याची देखरेख आणि पोषण आहार मंत्र्याच्या वाट्याला रांग सरळ ठेवण्याचे काम येत असेल, तर निवडून आलेला प्रतिनिधी म्हणजे गुरुजींचा मदतनीस, एवढाच बोध त्यांना होतो. रॉजर हार्ट या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात बालसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली असून तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना हवे तसे वापरून घेणे, शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते स्थान देणे यांना, त्याने सहभाग मानलेलेच नाही. निवडणूक होऊनही शाळा या तीन पायऱ्यांवरच अडकलेली असू शकते.

कायद्याने वरची पायरी अगदीच बंद ठेवलेली नाही. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत विचारात घेण्यास सांगते. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत, म्हणजे शाळेचा विकास आराखडा तयार करणाऱ्या आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळात, किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि महाराष्ट्रात तिच्यावर दोन विद्यार्थ्यांनाही स्थान दिलेले आहे. चाकण, भोसरी, तळवडे या औद्योगिक पट्ट्यात मात्र पालक तीन पाळ्यांत विभागलेले असतात. पहिल्या पाळीचा कामगार दुपारपर्यंत सुटत नाही, तिसऱ्या पाळीचा दिवसा झोपलेला असतो आणि कंत्राटी कामगाराला बैठकीसाठी रजा घेणे म्हणजे त्या दिवसाचा पगार सोडणे ठरते. अशा समितीत पाणी, स्वच्छतागृह, रस्ता ओलांडताना भेडसावणारी अवजड वाहने यांविषयी रोजच्या अनुभवातून बोलू शकणारे सदस्य बहुधा ते दोन विद्यार्थीच असतात. त्यांना विषयपत्रिका आधी दिली जाते का, आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या नोंदीत, येते का, यावरून त्या शाळेतील सहभागाचे खरे माप घेता येईल.

लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, ही जॉन ड्यूईची 1916 मधील मांडणी त्याचे कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिव्यवस्थेच्या संदर्भात अधिक धारदार केली. संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन 2020 पासून राज्यातील शाळांच्या परिपाठात आले, पण बंधुता हा त्यातील शब्द वर्गात कोण कोणाशेजारी बसते यापाशीच खरा ठरतो. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यात सुरू केलेल्या आणि पुढे शासनाच्या सहकार्याने राज्यभर गेलेल्या 'मूल्यवर्धन' कार्यक्रमात जोडीने व गटाने शिकण्यावर भर दिला गेला, तो याच विचाराला धरून. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 मध्ये जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा सन्मान मिळाला. तिची ओळख असलेल्या 'विषयमित्र' पद्धतीत वेगवेगळ्या वयांची मुले एकमेकांना शिकवतात. येथे मतपेटी नाही, तरीही ज्ञानाचा अधिकार एका खुर्चीपुरता राहत नाही, म्हणून लोकशाहीच्या दृष्टीने ही व्यवस्था एखाद्या झगमगीत शपथविधीपेक्षा मोलाची ठरते.

औद्योगिक पट्ट्याची स्वतःची अडचण मात्र याहून वेगळी आहे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या अनेक कामगारांचे नाव मतदारयादीत अजून मूळ गावीच असते, त्यामुळे ते राहत्या वस्तीच्या कारभारात मत देऊ शकत नाहीत आणि त्यांच्या मुलांना घरात स्थानिक मतदानाचा अनुभव मिळत नाही. वडिलांचे कंत्राट बदलले की मूल नोव्हेंबरात नव्या शाळेत येते. शिक्षण हक्क कायदा त्याला वर्षाच्या मध्येही प्रवेश देतो, परंतु मंत्रिमंडळ जुलैतच ठरलेले असल्याने येथेही ते मतदानाबाहेर राहते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मंत्रिमंडळाची फेरनिवड केली आणि मराठीबरोबर हिंदी व उर्दूतही बोलण्याची मुभा ठेवली, तर उशिरा आलेल्या मुलाला उमेदवारही होता येईल.